हरल्यानंतरचा पहिला तास

मुलगी तालुक्याला जिंकली की शाळेच्या फलकावर नाव येतं. जिल्ह्याला जिंकली की चौकात फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, भाषणात कुणीतरी ‘आपल्या गावची सानिया मिर्झा’ म्हणून टाकतं. मग ती विभागाला जाते, पहिल्याच फेरीत हरते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते. फ्लेक्स अजून तिथेच असतो. ओट्यावर बसलेले काका विचारतात, “काहून हारली वं बाई?” काकांच्या मनात वाईट काही नसतं. पण तेरा वर्षांच्या पोरीकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. ती मान खाली घालून घरात शिरते आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना मागच्या गल्लीने जाते.

हा लेख त्या काकांसाठी आहे, तिच्या आईबापांसाठी आहे, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांसाठी आहे. खेळाडूसाठीही आहे, पण तिची पाळी थोडी नंतर. माझं मत ठाम आहे. हरल्यामुळे खेळ सोडणारी पोरं फार थोडी असतात. हरल्यानंतर घरात आणि गावात जे चालतं, त्याला कंटाळून सोडणारीच जास्त.

रोहिणखेडचंच घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं हे गाव. इतिहासात त्याचं नाव येतं ते १४३७ आणि १५९० मध्ये इथे झालेल्या दोन लढायांमुळे आणि खुदावंतखानाने १५८२ मध्ये बांधलेल्या मशिदीमुळे. टेनिससाठी रोहिणखेडचं नाव कुणी घेणार नाही. पण म्हणूनच इथून एखादं पोर रॅकेट घेऊन बुलढाण्याला सरावाला जायला लागलं, तर त्याच्यावरचं ओझं पुण्याच्या पोरापेक्षा जास्त असतं. पुण्यातल्या बालेवाडीत एकाच कोर्टवर सारख्या ताकदीची आठ-दहा मुलं रोज घाम गाळतात. त्यातला एक हरला तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. तेही त्याच आठवड्यात कुठेतरी हरलेले असतात. गावातलं पोर एकटं असतं. अख्ख्या पंचक्रोशीत टेनिस खेळणारं ते एकच, म्हणून त्याचं जिंकणं गावाचं आणि हरणंही गावाचं. कबड्डीत हे ओझं बारा जणांत वाटलं जातं. टेनिस, कुस्ती, तिरंदाजी या खेळांत वाटून घ्यायला कुणी नसतं.

तिरंदाजीचं नाव निघालंच आहे तर आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आधी पाहू. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. गुण होते १४९ विरुद्ध १४८. पंधरा बाणांच्या सामन्यात एका गुणाचा फरक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत हर्मोसिलोला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. तिथे डेन्मार्कच्या मथियास फुलरटनशी बरोबरी झाली, निकाल एकेका जादा बाणावर गेला आणि प्रथमेशला रौप्य मिळालं. महिनाभराच्या आत, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्याबरोबर तो सांघिक सुवर्णपदक घेऊन उभा होता. आता सांगा, मे महिन्यातला मुलगा गुणी आणि सप्टेंबरातला कमी पडलेला, असं म्हणायचं का? हात तोच, धनुष्य तेच, मेहनत तीच. निकाल मात्र एका बाणाने बदलतो. आपण त्या एका बाणावरून पोराचा स्वभाव, शिस्त आणि भविष्य सगळं ठरवून मोकळे होतो.

टेनिस तर हरण्याचाच खेळ आहे. बत्तीस मुलींचा ड्रॉ असला की एकतीस जणी हरून घरी जातात. पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा, पुन्हा एकतीस. जो खेळाडू फार म्हणजे फारच चांगला, त्याच्याही वर्षातल्या बहुतेक स्पर्धा हरूनच संपतात. रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपल्या कारकिर्दीचा हिशोब मांडला होता. एकेरीचे १,५२६ सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकलेले. पण खेळलेल्या एकूण गुणांपैकी किती जिंकले? फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडररसारखा माणूसही जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावत होता. हा आकडा मी भेटेल त्या पालकाला सांगतो, कारण कोर्टच्या जाळीबाहेर उभे राहून आपण पोरीच्या प्रत्येक चुकलेल्या फटक्यावर कपाळाला हात लावतो. तिचं अर्धं लक्ष त्या हाताकडे असतं.

आता महाराष्ट्रातलीच दोन मुलं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यातलं यवलूज हे गाव. तिथली शेतकरी घरातली ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनला पोहोचली. त्या वर्षी तिथे चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा पहिल्यांदाच भरत होती आणि भारतातून ती एकटीच होती. पहिला सामना ती रोमानियाच्या आंद्रेआ सोआरेकडून हरली आणि गटातून पुढे गेली नाही. गवताचं कोर्ट आपल्याकडच्या मुलांना सरावाला क्वचितच मिळतं. चेंडू तिथे खाली राहतो, घसरून येतो, पाय सटकतो. तेरा-चौदाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटरवर, अशा कोर्टवर हरणं यात नवल काय? पण गावाकडे बातमी पोहोचते ती ‘हरली’ एवढ्या एका शब्दात. ती मात्र हरून आली आणि खेळत राहिली.

दुसरा मुलगा मानस धामणे. जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीच्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्ड मिळालं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. समोर अमेरिकेचा मायकेल मोह, त्याच्याहून किती तरी अनुभवी. मानस २-६, ४-६ असा हरला. वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झालं, आणि कौतुकाच्या शेपटाला नेहमीची वाक्यं चिकटली: पुढचा भूपती, पुढचा पेस. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनच्या ज्युनियर गटात त्याने एक सामना जिंकला. मग हेडलाइन संपली. तो इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या केंद्रावर सराव करत राहिला. यानिक सिनर जिथे घडला तेच हे केंद्र. वरिष्ठ गटातलं त्याचं पहिलं आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) विजेतेपद आलं २०२५ मध्ये, ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धेत. मधल्या दोन वर्षांत छोट्या गावातल्या, रिकाम्या गॅलरीसमोरच्या सामन्यांत तो किती वेळा हरला असेल, ते कुणी छापलं नाही. पण घडण होते ती त्याच दोन वर्षांत. पालकांनी ताकद राखून ठेवायची ती या काळासाठी.

तर पहिल्या तासाबद्दल.

सामना संपला, हात मिळवले, पोरगी बॅग घेऊन बाहेर आली. तिथून पुढचा तासभर सामन्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चुका सांगायच्या नाहीत आणि खोटं सांत्वनही करायचं नाही. ‘तू छानच खेळलीस’ हे वाक्य सर्वांत वाईट. ती ६-१, ६-० अशी हरलेली असते, तिला माहीत असतं ती छान खेळलेली नाही. तुम्ही खोटं बोलताय हे तिला कळतं आणि उद्या तुम्ही खरं कौतुक केलंत तरी ती मानणार नाही. पाण्याची बाटली द्या. काहीतरी खायला द्या. रडत असेल तर रडू द्या, “रडतेस काय, पोरगी आहेस की…” असली वाक्यं तर मुळीच नकोत, मुलगा असेल तर “पोरगा होऊन रडतोस?” हेही नको. आणि ती स्वतःहून बोलली तर ऐका. ‘तिने आऊटचे खोटे कॉल दिले’ असं ती सांगेल. खालच्या पातळीवरच्या सामन्यांना पंच नसतो, खेळाडू आपापल्या बाजूचे कॉल स्वतः देतात, तेव्हा असं होतंही. पण त्या क्षणी ‘मग तू भांडली का नाहीस?’ असं विचारलंत की हरण्याची जबाबदारी एकदा तिच्यावर होती ती दुप्पट झाली. ‘हो, वाईट वाटतं असं झालं की’ एवढं पुरे. कॉलवर शंका आली तर शांतपणे रेफ्रीला बोलवायचं असतं, हे तिला सरावाच्या दिवशी शिकवा.

बुलढाण्याहून मोटारसायकलवर परतणाऱ्या बापांना मी म्हणतो, तुम्ही नशीबवान आहात. राजूर घाट उतरताना वारा असतो, हेल्मेट असतं, मागे बसलेल्या पोरीला भाषण ऐकू जात नाही. गाडीवाल्या पालकांची खरी पंचाईत. काचा बंद, मागच्या सीटवर पोर अडकलेलं आणि पुढून बाबा दुसऱ्या सेटचा पंचनामा करताहेत. मुलांना खेळाची शिसारी बसते ती कोर्टवर कमी आणि या प्रवासात जास्त. घाट उतरल्यावर कुठे तरी चहा-भजी खायला थांबा. तिथे शेतातल्या सोयाबीनबद्दल बोला, शाळेच्या सहलीबद्दल बोला. घरी फोन करून निकाल आधीच सांगून ठेवा, म्हणजे दारात पाय टाकल्या टाकल्या आजी विचारणार नाही. आजीला एक काम सांगा: पोरगी आली की पहिलं वाक्य ‘हातपाय धू, ताट वाढलंय’. जिंकली तरी तेच, हरली तरी तेच. घरातल्या माणसांचा चेहरा निकालाप्रमाणे बदलत नाही हे पोराला एकदा कळलं, की कोर्टवर त्याचा हात मोकळा होतो. ‘हरले तर घरी काय होईल’ हा विचार करत कुणालाही दुसरी सर्व्हिस नीट टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बोला. झोप झाल्यावर, सरावाच्या आधी. तेव्हाही तीनच प्रश्न: काय जमलं? काय जमलं नाही? या आठवड्यात कशावर काम करायचं? उत्तरं तिची, वही तिची, अक्षर तिचं. तुम्ही फक्त विचारायचं. चौथा प्रश्न पोटातून वर येईलच, ‘पण तू नेटवर का गेली नाहीस?’, तो गिळा. तो प्रश्न विचारायचा हक्क कोचचा.

बापाला सामना चालू असताना काहीतरी करायला हवं असतं, नाहीतर तो जाळीला धरून ओरडतो. नियमानेही ते चालत नाही आणि पोरीला त्याचा त्रासच होतो. यावर एक उपाय आहे. त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या. पहिली सर्व्हिस किती वेळा टाकली आणि किती वेळा आत पडली, याच्या रेघा मारायच्या. डबल फॉल्ट किती, ते बाजूला. रिटर्न किती वेळा खेळात राहिला, ते तिसऱ्या रांगेत. एवढ्या तीन रांगा सांभाळताना माणसाला ओरडायला सवड राहत नाही. आणि दुसऱ्या दिवशी वहीत ‘हरले’ या शब्दाच्या शेजारी आकडे येतात. मागच्या महिन्यात दहात चार सर्व्हिस आत पडत होत्या, या वेळी दहात सहा पडल्या आणि तरी सामना गेला, असं दिसलं की पोरीला स्वतःलाच समजतं की ती पुढे सरकली आहे, फक्त समोरची आज तिच्याही पुढे होती. अपेक्षा ठेवायच्याच तर या आकड्यांवर ठेवा. सर्व्हिस आत टाकणं तिच्या हातात आहे. कप कुणाकडे जाईल हे तिच्या हातात नाही, कारण समोरही एक पोर आहे आणि त्याचेही बाबा कुठेतरी रेघा मारत बसलेत.

आता खेळाडूकडे वळतो. बाळा, तुझ्यासाठी एक गोष्ट सांगतो, ती नीट करून बघ. टेनिसमध्ये एक गुण संपल्यापासून पुढची सर्व्हिस होईपर्यंत २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२०. एका सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो त्याहून जास्त वेळ हा मधला असतो. अमेरिकेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी अव्वल खेळाडू आणि मधल्या फळीतले खेळाडू यांच्या फिल्म पाहिल्या, तेव्हा फटक्यांत फारसा फरक सापडेना. फरक सापडला तो या मधल्या सेकंदांत. अव्वल खेळाडू गुण गमावल्यावर काय करतात, याचा एक ठरलेला क्रम असतो. तूही तुझा ठरव. डबल फॉल्ट झाला, ३०-४०. आधी नेटकडे पाठ कर. रॅकेट डाव्या हातात घे (डावखुरी असशील तर उजव्या), म्हणजे खेळणारा हात सैल सुटतो. खांदे वर, नजर रॅकेटच्या तारांवर. तारा बोटाने सरळ कर, सरकल्या नसल्या तरी. बाहेर कोण उभं आहे ते बघायचं नाही. बेसलाइनच्या मागे चार पावलं जा आणि श्वास सोड, घेण्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लाव. मग वळ आणि मनात एकच गोष्ट ठरव: सर्व्हिस कुठे टाकायची. ‘डबल फॉल्ट नको’ हा विचार करू नकोस. ‘बॅकहँडला, उंच, फिरकी देऊन’ असं काहीतरी करण्यासारखं ठरव. मग चेंडू दर वेळी तितक्याच वेळा आपट. चार तर चार. हे सगळं वीस सेकंदांत बसतं. घरी अंगणात रॅकेट नसतानाही याचा सराव करता येतो आणि तो केल्याशिवाय सामन्यात आठवत नाही.

अपेक्षा वाढतात तेव्हा हा क्रम आणखी कामाला येतो. कारण एकदा तुझं नाव झालं की गणित पालटतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई ओपनला कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती पंधराव्या वर्षी पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली, तिथे स्वित्झर्लंडच्या जिल टाइकमनकडून हरली. त्या आठवड्याआधी समोरच्या खेळाडूंना ती कोण हे माहीत नव्हतं. त्यानंतर माहीत झालं. ती कुठे सर्व्हिस टाकते, दबावात कुठला फटका चुकवते, हे आता लोक बघून येणार. शिवाय क्रमवारीतले गुण ५२ आठवडेच टिकतात. मागच्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं, ते या वर्षी पुन्हा कमवायचं, नाहीतर क्रमवारी घसरते. ब्रिटनच्या एमा रादुकानूने २०२१ मध्ये पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता अमेरिकन ओपन जिंकली. पुढच्या वर्षी ती तिथे पहिल्याच फेरीत हरली आणि क्रमवारी कोसळली. ती वर्षभरात खेळ विसरली होती असं नाही. वर्षापूर्वीच्या त्या दोन आठवड्यांची उंची हेच तिचं रोजचं माप होऊन बसलं होतं. तुझ्या बाबतीत हे जिल्ह्याच्या पातळीवर होतं. गेल्या वर्षी चौदा वर्षांखाली पहिली आलीस, या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटात गेलीस, तिथे समोर अकरावीतल्या मुली. पहिलं वर्ष हरण्यातच जाणार. हे तुझ्या घरच्यांनी जूनमध्येच ऐकून ठेवलं पाहिजे, डिसेंबरमध्ये नव्हे.

घरच्यांचा जीव नुसत्या कपात अडकलेला नसतो, हेही मान्य करायला हवं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या बापाला पोरीच्या रॅकेटमध्ये तलाठ्याची नाहीतर पोलिसाची नोकरी दिसली तर त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण हा हिशोब मोठ्यांनी आपापसात करायचा. पोरीच्या देखत ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य एकदा जरी निघालं तरी ती प्रत्येक डबल फॉल्टची किंमत रुपयांत मोजायला लागते. गावाने वर्गणी काढून रॅकेट घेऊन दिली असेल तर उत्तम. हिशोब एका जाणत्या माणसाने ठेवावा, देणाऱ्यांना दाखवावा, आणि पोरीला कुणी कधीही आठवण करून देऊ नये. ती देणगी आहे. उसनवारी असेल तर आधीच देऊ नका.

आणि फ्लेक्स. सरपंचांना, मंडळाच्या पोरांना हात जोडून सांगणं आहे: लावायचाच तर हंगाम संपल्यावर लावा, आणि शाळेतून जितकी पोरं जिल्ह्याला गेली त्या सगळ्यांचा लावा, जिंकलेली-हरलेली एकत्र. सत्काराच्या भाषणात तिच्या वतीने ऑलिंपिकचा शब्द देऊ नका. तिने तो दिलेला नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निकाल टाकण्याआधी तिला विचारा. कपाशी एका वेचणीत घरी येत नाही हे ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याने पोरीकडून पहिल्याच वेचणीत सगळं पीक का मागावं?

कोचकडून मात्र मागायचं. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. सरावाचे तास आठवड्याला वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. तेरा वर्षांच्या पोरीला तेरा तास पुष्कळ झाले, हा डॉक्टरांनी घालून दिलेला साधा अंदाज आहे. वर्षातून दोन-तीन महिने रॅकेट खुंटीला, त्या काळात खो-खो, पोहणं, काहीही. ‘बाकीच्या तर रोज सहा तास करतात’ असं कुणी सांगेल. अमेरिकेची जेनिफर कॅप्रिआती आठवते का? १९९० मध्ये चौदाव्या वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत, १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्यानंतर साधारण वर्षभराने खेळापासून दूर. अशा प्रकरणांवरूनच महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये १९९५ पासून वयाचे नियम आले: चौदाच्या आत व्यावसायिक स्पर्धा नाहीच, आणि त्यापुढे अठरापर्यंत वर्षाला ठरावीकच. जे लोक या धंद्यात कोट्यवधी कमावतात, त्यांनीही लहान मुलींना जपायला कुंपण घातलं. आपण घरात घालायला काय हरकत आहे? कॅप्रिआती परतली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. पण मधली वर्षं तिची तिलाच माहीत.

एक-दोन दिवस गप्प राहणं, जेवण कमी जाणं, हे हरल्यावर होतंच. त्याला घाबरू नका. पण दोन-तीन आठवडे झोप लागत नाही, सरावाच्या आदल्या रात्री पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात पोटाला काही नाही. मैत्रिणींशी बोलणं तुटलं. ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलायला लागली, तर मात्र थांबा. स्पर्धा रद्द करा, पैसे बुडू द्या. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. जगात अव्वल राहिलेल्या नाओमी ओसाकाने २०२१ मध्ये फ्रेंच ओपन अर्ध्यावर सोडली आणि मनाचा त्रास होतोय असं जाहीर सांगितलं. पुढे ती परत खेळली. इगा श्वियांतेक तर मानसशास्त्रज्ञ सोबत घेऊनच फिरते. ‘पोरगी येडी आहे काय?’ असं विचारणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

घाई कुणाला आहे? ऋतुजा भोसलेला आशियाई सुवर्ण मिळालं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. हांगझोऊ, ३० सप्टेंबर २०२३, रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरी, आणि अंतिम सामन्यातला पहिला सेट त्यांनी २-६ असा गमावला होता. पुण्याच्या वैष्णवी आडकरने जुलै २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत कांस्य मिळवलं, तेही उपांत्य फेरी हरून. त्या स्पर्धेत टेनिसमधलं भारताचं याआधीचं पदक १९७९ चं होतं, पुण्याच्याच नंदन बाळ यांचं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, स्पर्धा निवडण्याची. कोच लोकांचा ठोकताळा असा की वाढत्या वयात साधारण दोन सामने जिंकावेत आणि एक हरावा. सहा महिन्यांची वही काढा आणि मोजा. दहात नऊ जिंकत असेल तर ती खालच्या पाण्यात पोहतेय. एक पायरी वर न्या, तिथे हरेल, हरू द्या. दहात नऊ हरत असेल तर तुम्ही तिला हौसेने फार वर नेलंय. अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या स्पर्धांच्या पायऱ्याच आहेत: टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज. नागपूर-पुण्याची मुलं सुपर सिरीज खेळतात म्हणून आपलीही खेळलीच पाहिजे असं नाही. दोन महिने टॅलेंट सिरीज खेळवा, बसचं भाडंही कमी लागेल. प्रवेशिका भरायच्या आधी वही तिच्या पुढ्यात ठेवा आणि कुठली स्पर्धा घ्यायची ते तिला विचारा. पोरं बहुतेक वेळा बरोबर सांगतात.